उसन्या डोळ्यांचे स्वार

भुताला घोडा कशाला लागतो, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे. आपल्याकडच्या मुंजाला पिंपळाची एक फांदी पुरते. वेताळाची पालखी निघते, पण ती मानाची. पालखी नसती म्हणून वेताळाचे काही अडले नसते. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या नऊ नाझगुलांचे मात्र घोड्यावाचून पदोपदी अडते. १९५४ पासून ते जगभरच्या वाचकांची झोप उडवत आले आहेत, आणि इतके परावलंबी खलपुरुष माझ्या तरी वाचनात दुसरे नाहीत.

ही मूळची माणसे. कुणी राजा, कुणी मांत्रिक, कुणी योद्धा. मॉर्डोर या काळ्या भूमीचा अधिपती साउरॉन याने दिलेली एकेक अंगठी त्यांनी आनंदाने बोटात घातली. अंगठीने आयुष्य वाढवले, पण वाढीव आयुष्यात भरायला नवे काही दिले नाही. त्यामुळे माणूस विरळ होत गेला आणि एके दिवशी दिसेनासाच झाला. नावेही गेली. नवांपैकी खामूल या एकाचेच नाव आपल्यापर्यंत पोचते, तेही लेखकाच्या मृत्यूनंतर छापलेल्या कागदांतून. त्यांचा म्होरक्या म्हणजे अंगमारचा चेटकी राजा. तो नुसत्या हुद्द्याने ओळखला जातो.

दिसत नाही तो माणूस चारचौघांत वावरणार कसा? म्हणून काळे झगे. आत काही नाही, पण झगा खरा, शिवलेला. (मॉर्डोरच्या शिंप्याने माप कशाचे घेतले असेल?) त्यांना आपल्यासारखे दिसतही नाही. जिवंत माणसे त्यांना सावल्यांसारखी भासतात आणि भर दुपारच्या उन्हात त्याही पुसल्या जातात. मग बघायचे काम घोड्याने करायचे, स्वाराने रक्ताचा वास घेत फिरायचे. घोडेसुद्धा रोहन या राज्यातून चोरून आणलेले, निवडून काळेच. त्यात वाहत्या पाण्याची धास्ती. मध्यभूमीत, म्हणजे या कथेच्या जगात, पावलोपावली नद्या असल्यामुळे ही धास्ती कथेत शेवटपर्यंत निभावणे कठीण आहे, हे पुढे खुद्द टॉल्किन यांच्याही ध्यानात आले होते.

मग यांना एवढे भ्यायचे कशाला? भीती हेच त्यांचे खरे हत्यार. १९५८ साली एका नियोजित चित्रपटाच्या आराखड्यावर चिडून लिहिलेल्या पत्रात टॉल्किन यांनी हे स्पष्टच सांगितले आहे: न भिणाऱ्यासमोर यांचे अंगबळ फारसे चालत नाही, अंधारात मात्र जोर वाढतो. सुरा असतो, त्याचे तुटलेले टोक काळजाकडे सरकत जाते आणि जखमी माणूस त्यांच्यासारखाच होऊ लागतो, हे सगळे खरे; पण भांडवल म्हणजे समोरच्याची गाळण. त्यांच्या नुसत्या सान्निध्याने जो आजार जडतो, त्यावरचा उतारा अथेलास नावाचा पाला. मिनास तिरिथ या शहराचा विद्वान वनस्पतिशास्त्री म्हणतो, हवा ताजी करण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नाही. राजाच्या हातांना गुण असतो ही जुनी म्हण आठवते ती तिथल्या बडबड्या म्हाताऱ्या सेविकेला. आजारी माणसे उठून बसतात ती त्याच पाल्याने आणि त्याच हातांनी.

मला मात्र यांचे सर्वांत आवडते दर्शन हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या गावात होते. साउरॉनच्या हरवलेल्या अंगठीच्या मागावर मॉर्डोरहून इतका पल्ला मारून आलेला मृत्युदूत तिथे काय करतो, तर वसुलीच्या माणसासारखा दारोदार ‘बॅगिन्स कुठे राहतो?’ म्हणून विचारतो. म्हातारे गॅम्जीबुवा माळी माणूस. साहेब घर विकून गेले, कायमचे गेले, असे त्याला सांगून मोकळे होतात. तो फिस्कारतो, बुवांच्या अंगावर काटा येतो, पण राग येतो तो त्याच्या वागण्याचा. गंमत म्हणजे ज्याच्यासाठी ही सगळी यातायात, तो फ्रोडो बॅगिन्स हाकेच्या अंतरावर हे सारे ऐकत उभा असतो! पुढे मॅगॉट नावाच्या शेतकऱ्याच्या दारात तर भूत सोन्याची लालूच दाखवते. मॅगॉटचा कुत्रा शेपूट घालून पळालेला. मॅगॉट स्वतः मात्र ‘आल्या वाटेने निघा’ म्हणतो. ही दोघे शूर आहेत असे मला वाटत नाही. अनोळखी माणसाने अवेळी चौकशा करू नयेत, एवढेच त्यांचे पक्के मत; आणि अशा मताला साउरॉनकडेही तोड नव्हती.

म्होरक्याचा शेवट आपल्याला ओळखीचा वाटतो. कुणा पुरुषाच्या हातून तुला मरण नाही, या भाकितावर तो निर्धास्त होता. महिषासुराची कथा त्याला कुणी सांगितली नसावी. पेलेनॉरच्या रणात रोहनच्या राजाची भाची एओविन समोर उभी राहिली, आणि मागून मेरी नावाच्या हॉबिटाने गुडघ्यात तलवार खुपसली.

पण तो फार पुढचा भाग. त्याआधी ब्रुइनेन नदीच्या उतारावर पूर आला आणि घोडे वाहून गेले. नंतर शोध घेतला तेव्हा आठ घोडे मेलेले सापडले आणि एक काळा झगा. म्हणजे डोळे गेले, निदान एकाचे तरी कपडेही गेले, आणि तशा निराकार अवस्थेत मालकाकडे हजर व्हायचे होते. ती परतीची वाट टॉल्किन यांनी रंगवलेली नाही, याची मला फार हळहळ वाटते. मॉर्डोरला पोचल्यावर काय बोलणे झाले तेही कळत नाही. कळते ते एवढेच, की मोहिमेचा असा बोजवारा उडवून आलेल्या या मंडळींना पुढच्या वेळी घोड्यांऐवजी उडणारी जनावरे मिळाली. त्यांतले एक अँडुइन नदीवर दिसताच लेगोलास नावाच्या तिरंदाजाने रात्रीच्या काळोखात एका बाणात खाली पाडले.