रमणाविद्या : दक्षिणार्थींसाठी संक्षिप्त मार्गदर्शन

दुसऱ्याच्या औदार्यावर चरितार्थ चालवणे हे आळशाचे काम आहे, हा समज सर्वथा चुकीचा असून ती एक शिस्तबद्ध विद्या आहे, हे पेशवाईतील पुण्याकडे पाहता सिद्ध होते. या विद्येचे मुख्य पीठ म्हणजे पर्वतीच्या पायथ्याचा रमणा, अर्थात श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्यासाठी राखलेले भिंतबंद आवार.

दक्षिणार्थीने, म्हणजे दक्षिणेची अपेक्षा धरणाऱ्याने, प्रथम दात्याची निवड करावी, मात्र एकाच घराण्यात जीव गुंतवू नये. ही दक्षिणा मुळात सेनापती दाभाडे यांची. 1731 मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना पडले आणि दक्षिणेची प्रथा पुढे पेशव्यांनीच चालवली. दाता पडला तरी दान पडत नाही, हे सूत्र पाठ असावे; वेद पाठ नसले तरी निभावते, कारण परीक्षा देऊन मोठी रक्कम घेणे हा विद्वानांचा मार्ग असून रमण्यात विद्येपेक्षा खांद्याचे बळ अधिक उपयोगी पडते.

आत शिरणाऱ्याच्या अंगावर खूण केली जाते आणि दक्षिणा बाहेर पडताना हातावर ठेवली जाते, त्यामुळे दोनदा दक्षिणा घेण्याची प्रतिभा येथे वाया जाते, हे ध्यानी घेऊन संयम बाळगावा.

उरलेल्या महिन्यांसाठी माधुकरी, म्हणजे घरोघरी शिजवलेले अन्न मागणे, किंवा वार, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवणे, यांचा आश्रय घ्यावा. मात्र शनिवारी उपास करणाऱ्याच्या घरी शनिवार लावणे ही नवशिक्याची चूक होय.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घेताना ओशाळू नये. दानाचे पुण्य दात्याच्या खाती जमा होत असल्याने उपकार घेणाराच करतो, ही भावना चेहऱ्यावर स्पष्ट उमटली पाहिजे.

इंग्रजी अमलात गव्हर्नर एल्फिन्स्टनने दक्षिणेचा हाच निधी वापरून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि 1849 मध्ये लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी त्यातील काही रक्कम मराठी ग्रंथांना मिळावी असा अर्ज केल्यानंतर लेखकांना दक्षिणा निधीतून बक्षिसे मिळू लागली. तेव्हा मराठी ग्रंथकारांनी रमण्यातील गर्दीस हसण्यापूर्वी आपल्या पूर्वसूरींच्या मानधनाचा उगम तपासून पाहावा.