हाफ तिकीट

आमच्या कॉलनीत झाड छाटायचं तर अण्णांच्या कानावर घालून. झाड तुमचं, कंपाउंड तुमचं, पण पाला अण्णांचा. एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, कळंब्याकडच्या दोन गुंठ्यांतल्या घरामागं परड्यात शेळ्या पाळल्या आणि तेव्हापासून अख्खं कोल्हापूर त्यांना वैरण दिसतं. लग्नाला आले की नवरानवरी राहिली बाजूला, नजर मांडवाच्या डहाळ्यांवर. "पावणं, कार्य झाल्यावर ह्ये टाकून देणार न्हाई न्हवं?"

दसरा चौकात छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन झालं की सोनं लुटायला झुंबड उडते. अण्णांचा दसरा दुसऱ्या दिवशी. घरोघर टेबलावर सुकत पडलेली आपट्याची पानं पिशवीत भरत हिंडतात. "तुमच्या सोन्याचं तुमी काय करणार? आमची काळी खाईल, दूध तरी देईल."

जागा कमी, म्हणून त्यांना बुटकी जात पाहिजे होती. बंगालकडची काळी शेळी उंचीला कमी असते, असं कुठंतरी वाचलेलं. वडगावच्या बाजारातून तसली म्हणून एक आणली. वर्षभरात ती मागच्या दोन पायांवर उभी राहून शेजारच्या वाळत घातलेल्या धोतरापर्यंत पोचली. जात उस्मानाबादी, बुटकं होतं ते तिचं वय. अण्णा व्यापाऱ्याला एका शब्दानं बोलले नाहीत. "हाफ तिकिटावर फुल पॅसेंजर आला म्हणायचं!" पुढं काळी व्याली, जुळी झाली. करडांना नावं नाहीत, दोन्ही हाफ तिकिटंच. संध्याकाळी सगळी आत आली की गोठ्याच्या पत्र्यावर दोनदा टकटक. डबल बेल.

'शेळी काय, काहीपण खाते' हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणू नये. तासभर जातो. शेळी खाली पडलेल्या, तुडवलेल्या पाल्याला तोंड लावत नाही, म्हणून शेवरीची पेंढी सुतळीनं तिच्या मानेच्या उंचीला टांगलेली. काळी आधी वास घेते, मग ओठानं शेंड्याकडची कोवळी पानं तेवढी वेचते. साल सोलायचा नंबर शेवटी. तोवर अण्णा पालथ्या बादलीवर बसून बघत असतात, तोंड त्यांचंही हलत असतं. ओला मेथीघास थेट घालायचा नाही, पोट फुगतं. आधी उन्हात सुकवायचा. उसाचं वाडं हंगामात हवं तेवढं मिळतं, पण त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम खातं, म्हणून नेमकंच. आणि फाटकावर खडूनं लिहिलेली पाटी: 'शिळा भात, चपाती घालू नये. शेळीला ॲसिडिटी होते.' काकू ती पाटी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. "आन् आमाला रोज शिळंच चालतंय."

मे महिन्यात, पावसाच्या आत, आंत्रविषाराची लस. वहीत तारीख, सही, सगळं जागेवर. त्यांची स्वतःची शुगर तपासायची चिठ्ठी त्याच वहीत खूण म्हणून घातलेली असते.

हे सगळं धंदा म्हणून चाललंय, हे विसरायचं नाही. भरड्याचा, पेंडेचा पैन् पैचा हिशेब आहे. "बोकड विकला की सगळं वसूल!" बोकड आता दीड वर्षाचा झाला. गिऱ्हाईकं येतात, दात बघतात, पाठीवर हात दाबून अंदाज घेतात. अण्णा भाव सांगतात. गिऱ्हाईक कबूल झालं की भाव वाढतो.

परवा एकजण सगळ्याला तयार झाला. नोटा मोजून हातावर ठेवल्या. अण्णांनी त्या खिशात घातल्या नाहीत, तशाच धरून उभे.

"तुमच्याकडं शेवरी हाय का?"

"न्हाई."

"मग सुबाभूळ? रोज वाईच भरडा लागतोय, आन् टांगून घालायचं, खाली न्हाई."

"अण्णा," तो बिचारा हळूच म्हणाला, "मी खाटीक हाय."

"म्हणून काय झालं? रातभर उपाशी ठेवणार व्हय त्याला?"