छिद्रान्वेषी

भुईगावात वाडी नसलेला माणूस सापडेल, मत नसलेला सापडणार नाही. बहुतेकांची मतं केळी, विहिरीचं पाणी आणि महापालिका यांच्याभोवती फिरतात. आयरिसकाकांचं मत मात्र एकाच जागी रुतून बसलंय: रायफलच्या मागच्या पीप साईटचं भोक किती मिलिमीटरचं असावं?

काकांकडे रायफल नाही. ती येत्या दिवाळीला यायची आहे, आणि ही बातमी दर दिवाळीला ताजी असते. आयरिस मात्र आहे. छोटीशी काळी चकती. कडेची रिंग फिरवली की मधलं भोक ०.५ पासून ३ मिलिमीटरपर्यंत लहानमोठं होतं. मुलाच्या जुन्या कंपासपेटीत कापसावर ती निजलेली असते. रायफलीआधी आयरिस कशाला, असं कोणी विचारलं तर काका शांतपणे म्हणतात, "आधी दिसायला नको का?"

मग ऐकणाऱ्याची सुटका नाही. "हे बघ, दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्यावर मारायचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे चुकायला वाव किती?" वाव किती ते आपण सांगेपर्यंत काका पुढे गेलेले असतात. भोक बारीक केलं की नळीच्या टोकावरची पुढची रिंग आणि टार्गेटचा काळा गोल, दोन्ही रेखीव दिसतात. पण उजेड घटतो, काळा गोल करडा पडतो. मोठं केलं की लख्ख उजेड, पण रिंग पुसट, आणि डोळा मधोमध नसला तरी पत्ता लागत नाही. म्हणून मोठ्यापासून सुरुवात करायची, आवळत यायचं, करडेपणा जाणवला की किंचित सैल सोडायचं. बहुतेकांचं १ ते १.२ च्या आसपास जमतं. ढग आले की उघडा, ऊन पडलं की आवळा.

यातलं एक अक्षर चूक नाही, हीच खरी अडचण. काका थापा मारत असते तर त्यांना केव्हाच गप्प करता आलं असतं.

भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात सावली सारखी हलते, त्यामुळे काकांना तिथे फार काम असतं. एक डोळा मिटून, दुसऱ्याला चकती लावून ते कधी होडी पाहतात, कधी येणारी बस. बस येते, थांबते, जाते. काका अजून १.३ वरून १.२ वर येत असतात. लग्नपत्रिका मात्र ते चष्म्याशिवाय वाचतात, त्याच भोकातून. बारीक भोकातून पाहिलं की चाळिशी उलटलेल्या डोळ्यालाही अक्षर स्पष्ट दिसतं. गावातल्या दोन-तीन आज्या तेवढ्यावर त्यांना डॉक्टर मानतात.

निर्मळच्या यात्रेत काका फुगे फोडायच्या स्टॉलवर उभे राहिले, तेव्हा मी सोबत होतो. स्टॉलवरच्या बंदुकीला साधी खाच. काकांनी खिशातून लग्नपत्रिकेचा तुकडा काढला. त्यावर ओळीने भोकं पाडलेली: एक शिवणाच्या सुईचं, एक गजऱ्याच्या सुईचं, एक दाभणाचं. रबरबँडने तो तुकडा खाचेमागे बांधला. मग उजेड पाहिला. मग गजऱ्याच्या सुईवरून शिवणाच्या सुईवर आले. मागे रांग लागली. स्टॉलवाला म्हणाला, "काका, फुगे फोडायचेत की मोतीबिंदू काढायचाय?" तेवढ्यात शेजारच्या बंदुकीने काकांच्या भाचीने ओळीने पाच फुगे उडवले. काका म्हणाले, "तिला उजेड चांगला मिळाला."

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापुरातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हा अख्ख्या आळीने फटाके वाजवले. काका टीव्हीला नाक लावून होते. ४५१.४ गुण, रेल्वेतला टीसी, धोनीसारखा थंड डोक्याचा, सगळं सगळ्यांनी सांगितलं. "पण आयरिस कितीवर होती, हे एकाही वार्ताहराला विचारावंसं वाटलं नाही," असं म्हणून काका जेवायला न बसता झोपले.

भाची पुढे खरोखरच रायफल शिकायला लागली. पहिल्या स्पर्धेला निघताना काकांनी तिच्या तळहातावर बॉलपेनने "१.१" लिहून दिलं. पोरगी पदक घेऊन आली. काका फाटकातच उभे.

"किती ठेवलं होतंस?"

"काय, मामा?"

"भोक!"

"सरांनी लावून दिलं होतं. मी पाहिलंच नाही. मला नुसती पुढची रिंग आणि काळा गोल दिसत होता."

काकांचा चेहरा पडला. दोन दिवस ते किनाऱ्यावर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र तुळतुळीत दाढी करून आले आणि चारचौघांत म्हणाले, "भोक बरोबर असलं की ते दिसत नाही. नेमबाजाने त्यातून बघायचं असतं, त्याच्याकडे नव्हे."

इतकं शहाणं वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. आम्हाला वाटलं, आता काका सुटले. हा माणूस आता रायफल घेणार, निदान बस तरी पकडणार. कंपासपेटी खरोखरच माळ्यावर गेली.

सध्या ट्रिगर किती ग्रॅमला सुटावा, यावर त्यांचं काम चालू आहे. काकूंच्या तराजूतली छोटी वजनं सोमवारपासून सापडत नाहीत.