कट्ट्यावरील धन्वंतरी

निवृत्तिवेतनाबरोबरच वैद्यकशास्त्राचेही सर्वाधिकार आपल्या पदरी पडले, अशी ज्यांची प्रामाणिक समजूत असते, त्या ज्येष्ठांच्या उद्यानातील प्रातःकालीन दरबारातून मधुमेहावर कारल्याचा रस, गुडघ्यांवर एरंडेल आणि रक्तदाबावर शेजाऱ्याच्याच गोळ्या, असे फर्मान रुग्णास न तपासता तत्काळ सुटते. आणि त्यावर व्हॉट्सॲपचा शिक्का असला म्हणजे अपिलास जागाच उरत नाही. (शेजाऱ्याच्या गोळ्या निदान औषधविक्रेत्याकडच्या तरी असतात!) वास्तविक ज्येष्ठांसाठी १४५६७ हा निःशुल्क सरकारी दूरध्वनी आहे, आणि सत्तरी गाठलेल्यांस, उत्पन्नाची चौकशी न करता, २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे, परंतु जी माहिती खरी असून पुढे धाडण्याजोगी चमत्कारिक नसते, तिला कट्ट्यावर पत नाही.