आमचा एक जण इथे शिकायला होता

देवळ्यात पाचकंदीलला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी, पंखा, मिक्सर, जे जळतं ते माझ्याकडे येतं. दरवर्षी २४ नोव्हेंबरला मात्र मी संध्याकाळी सातलाच शटर अर्धं खाली ओढतो. आत चार म्हातारे, एक पाव किलो भेळभत्ता आणि एक टेपरेकॉर्डर. बाहेरच्यांना वाटतं पत्ते चाललेत. पत्ते असते तर घरच्यांनी समजून घेतलं असतं. आम्ही फ्रेडी मर्क्युरीची पुण्यतिथी करतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

क्वीन हा लंडनचा बॅण्ड. फ्रेडी असताना तो भारतात कधी वाजला नाही, आणि आम्ही लंडनला जावं असा भाव कांद्याला कधी मिळाला नाही. तरी आमची चौघांची निष्ठा १९८६ पासून अढळ आहे. अढळ म्हणजे बॅण्डवरची. एकमेकांवरची दरवर्षी सातपासून साडेनऊपर्यंत ढळलेली असते.

भांडणाचं मूळ एक कॅसेट. ती देवळ्यात आणली कोणी, याचे चार इतिहास आहेत. आप्पा म्हणतो, लासलगावला कांदा मातीमोल गेला, हातात जे उरलं त्याची त्याने येताना नाशिकहून कॅसेट घेतली. मास्तर म्हणतात, डी.एड.ला असताना खोलीतल्या पोराकडून त्यांनी ती भरून आणली. टेलर शपथेवर सांगतो की एका गिऱ्हाइकाने सफारी सैल करायला टाकली होती, तिच्या खिशात ती निघाली. माझं म्हणणं साधं आहे: माझ्याकडे दुरुस्तीला एक टेपरेकॉर्डर आला, त्याच्या पोटात ती अडकलेली होती. मालक ना टेप न्यायला आला, ना कॅसेट. बांधाच्या वादात निदान तलाठ्याकडे नकाशा तरी असतो. इथे तोही नाही.

एवढं मात्र चौघांनाही मान्य आहे की कॅसेट पहिल्यांदा आप्पाच्या ओट्यावर लागली. वर कोणीतरी पेनाने फक्त ‘क्वीन’ लिहिलं होतं. मास्तरांनी लगेच मराठी करून सांगितलं, राणीची गाणी आहेत. आप्पाची आई लसूण सोलता सोलता दहा मिनिटं ऐकत राहिली आणि म्हणाली, “रानी कोठे शे? अवघा मानसेच बोंबली राह्यनात!”

बोंबलत होते ते ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. १९७५ चं गाणं, पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण वाजवणार, म्हणून कंपनीवालेही तेव्हा कुरकुरले होते. आधी रडगाणं, मग ऑपेराचा गोंधळ, मग मारामारी, मग पुन्हा सामसूम. आमच्याकडच्या लग्नात रुसवाफुगवा ते पाठवणी एवढंच होतं, त्यामुळे चाल परकी वाटली नाही. शब्द मात्र कळेनात. मध्येच ‘गॅलिलिओ’ आलं आणि मास्तर ताठ बसले. त्यांच्या पुस्तकातला माणूस निघाला. थोडं पुढे ‘बिस्मिल्ला’ आलं आणि टेलरने हातातला चहा खाली ठेवला. “आता हे आमच्यातलं.” मला काहीच ओळखीचं सापडलं नाही. आप्पा म्हणाला, त्याला सगळं कळलं. आजतागायत काय कळलं ते त्याने सांगितलेलं नाही.

पुढे मासिकांची रद्दी, रेडिओ आणि अलीकडे नातवांचे मोबाइल यांतून माहिती गोळा होत गेली, तशी चौघांनी बॅण्डमधली चार माणसं वाटून घेतली. वाटणी कोणी केली नाही, झाली. टेलरने पहिल्याच दिवशी ड्रमवाला उचलला, कारण त्याचं नावच रॉजर टेलर. “धंद्याचा माणूस आहे.” तो आडनावाचा टेलर आहे, मुळात दातांचा डॉक्टर व्हायला निघाला होता, हे मास्तरांनी सप्रमाण सांगून पाहिलं. टेलर म्हणाला, मग माप घ्यायची सवय असणारच.

मास्तरांचा ब्रायन मे. या माणसाने पोरवयात बापाच्या मदतीने घरीच गिटार बनवली, तीही कुणाच्या तरी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून, आणि आयुष्यभर तीच वाजवली. तार छेडायला साधं सहा पेन्सचं नाणं. हे कळल्यावर मास्तरांनी वाड्याच्या जुन्या दाराची फळी गायब केली होती. गिटार काही झाली नाही. त्यांच्या वडिलांनी त्या फळीचा पाट करून घेतला आणि मास्तर पुढची बरीच वर्षं ब्रायन मेवर बसून जेवले. हाच ब्रायन मे बॅण्डपायी अर्धवट सोडलेली पीएच.डी. पुरी करून २००७ साली, साठाव्या वर्षी, डॉक्टर झाला. विषय अंतराळातली धूळ. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा गळा भरून आला होता. आप्पा म्हणाला, “धुळीवर डॉक्टर होता येतं? मग आम्ही कांदे काढून घरी येतो तेव्हा आम्हाला काय म्हणशील?”

माझा माणूस जॉन डीकन. बासवाला. फोटोत कायम कडेला, जणू वरातीत जनरेटरची गाडी सांभाळायला आलाय. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. लंडनमध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्यात त्याला एक टाकून दिलेला सर्किट बोर्ड दिसला. त्याने तो घरी नेला, एका स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली आणि त्यातून ॲम्प्लिफायर केला. ब्रायन मेची गिटार वाद्यवृंदासारखी भरून येते ना, त्यातलं बरंचसं या भंगारातून निघालंय. १९९७ नंतर डीकन बॅण्डमधून बाजूला झाला. मुलाखत नाही, सत्कार नाही. माझ्या दुकानात मागच्या कोपऱ्यात भंगाराचा ढीग आहे. बायकोने तो विकायला काढला की मी डीकनची गोष्ट सांगतो. तिला ती पाठ आहे. ती म्हणते, त्याने एक उचललं होतं, तुम्ही खोली भरलीत.

राहिला फ्रेडी. तो आप्पाचा, आणि यावर अपील नाही. आप्पाच्या मते फ्रेडी हा आपल्याच पट्ट्यातला. झांझिबारला जन्मला, पण खरं नाव फरोख बुलसारा, आणि बुलसार म्हणजे आपलं वलसाड. “सापुतारा उतरलं की आलंच.” तिथले हापूस इकडे येतात, इकडचे कांदे तिकडे जातात, मग एखादा माणूस आपला का म्हणू नये? फ्रेडीला मागे चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे बाहेर आले, आणि आवाज बिघडेल या भीतीने त्याने ते कधी काढले नाहीत. आप्पाचेही दात पुढे आहेत. आवाजाबद्दल न बोललेलं बरं.

आप्पाच्या हळदीला टेलरने त्याला फ्रेडीचं पिवळं जाकीट शिवून दिलं होतं. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर १९८६ साली घातलेलं, पुढे पट्टे आणि बकलं असलेलं. नमुना म्हणून मासिकातला पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो. बकलं मिळेनात म्हणून टेलरने शाळेच्या दोन दप्तरांची काढली. जाकीट झकास झालं. आप्पा मांडवात आला, एक हात वर, छाती पुढे. चंदनपुरीकडच्या एका पाहुण्या म्हातारीने पदर डोक्यावर ओढला आणि वाघ्या समजून त्याच्या पाया पडली. आप्पाने आशीर्वाद दिला. त्याला अजून वाटतं तिने फ्रेडीला ओळखलं.

आप्पाची आठवण हा वेगळाच विषय आहे. १३ जुलै १९८५, लाइव्ह एड, वेम्ब्लीत सत्तर हजारांवर माणसं आणि क्वीनची ती वीस-एकवीस मिनिटं: हे आपण त्याच रात्री टीव्हीवर पाहिलं, असं तो ठासून सांगतो. त्या रात्री आप्पाच्या घरात टीव्ही नव्हता. गल्लीतही नव्हता. कॅसेट यायला अजून वर्ष होतं. पण तो इतकं बारीक सांगतो, फ्रेडीची पांढरी बनियन, पियानोवर ठेवलेले पेले, की मलाही आताशा वाटतं आपण त्याच्या शेजारी बसलो होतो.

एकदा आम्ही पाचगणीलाही जाऊन आलो. फ्रेडी आठव्या वर्षापासून तिथल्या सेंट पीटर्समध्ये होता. ‘फ्रेडी’ हे नाव तिथलंच, आणि १९५८ साली पोरांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बॅण्ड काढला तोही तिथेच. तेव्हा तो पियानो वाजवायचा. पुण्यात गुलटेकडीला डाळिंबाचे क्रेट उतरवून आम्ही आप्पाच्या पिकअपने पसरणी घाट चढलो. पुढे दोघं, मागे रिकाम्या क्रेटांत दोघं. फाटकाशी पोचलो आणि चौघांचीही बोलती बंद झाली. वॉचमन सभ्य होता. त्याने विचारलं, “ॲडमिशनसाठी का?” आप्पाने टोपी काढली आणि म्हणाला, “नाही. आमचा एक जण इथे शिकायला होता.” कोणत्या साली, असं त्याने विचारायच्या आत आम्ही पिकअपमध्ये. परतताना कोणी बोललं नाही. वाईला मिसळ खाल्ली.

२०१८ च्या नोव्हेंबरात फ्रेडीवरचा सिनेमा आला तेव्हा नाशिकला गेलो. कांद्याची अवस्था अशी होती की निफाडच्या एका शेतकऱ्याने ७५० किलोंचे आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले होते. आप्पा तिकिटाचे पैसे मोजताना म्हणाला, “दोन क्विंटल गेलं.” सिनेमात फ्रेडीला त्याचा जीव घेणारा आजार लाइव्ह एडच्या आधी कळतो. टेलर भर अंधारात उभा राहिला. “नंतर कळलं! नंतर!” पुढच्या रांगेतून शू आली. तो बसला, पण शेवटपर्यंत फुसफुसत होता. शेवटी ती वेम्ब्लीची वीस मिनिटं लागली तेव्हा मी कडेने पाहिलं. आप्पा रडत होता. “बघ, असंच दाखवलं होतं टीव्हीवर,” म्हणाला. मी हो म्हटलं.

मूळ कॅसेट आता माझ्या गल्ल्यात असते. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ करताना एकावर एक इतके आवाज चढवले की टेपची पट्टी आरपार दिसायला लागली होती, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. आमची तशीच झालीय, चार घरं फिरून. वर्षातून एकदाच लावतो. आधी पेन्सिलीने दोन वेढे घट्ट करायचे, हे काम माझं. त्यावरही दरवर्षी सूचना येतात.

यंदाही लावली. ऑपेराचा गोंधळ सुरू झाला, मास्तर गॅलिलिओची आणि टेलर बिस्मिल्लाची वाट बघत बसले, आणि अर्ध्या शटरखालून एक पोरगा वाकून आत आला. खांद्यावर पाच एचपीची पाणबुडी. उन्हाळ कांद्याची रोपं वाफ्यात, शेताची लाइट रात्री दहाला येणार. त्याने आमच्याकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं. मोटर खाली ठेवली नाही, तसाच उभा राहिला. मारामारीचा भाग आला तेव्हा त्याचा पाय हलला. मी पाहिलं, आप्पानेही पाहिलं. मग सामसूम झाली, शेवटचं वाजलं, बटण टक्कन वर आलं.

“सरनं का?” त्याने विचारलं. “मंग मन्ही मोटर देख.”