तृतीय निविदाधारकास अनावृत पत्र

प्रति,
मा. तृतीय निविदाधारक
(तांत्रिकदृष्ट्या पात्र, आर्थिकदृष्ट्या थोडक्यात हुकलेले)

विषय : स्थानिक स्वराज्य संस्थांतील स्पर्धा जिवंत ठेवल्याबद्दल आभार.

महोदय,

नगरपालिका, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या कामांत स्पर्धा झाली असे म्हणायला साधारणपणे तीन निविदा लागतात. पहिल्या वेळी त्या आल्या नाहीत तर मुदतवाढ द्यावी लागते किंवा फेरनिविदा काढावी लागते. काम रखडते, आणि मार्चअखेर तोंडावर असेल तर निधी परत जाण्याच्या धास्तीने साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. अशा वेळी तृतीय निविदाधारक धावून येतो. त्याला काम नको असते. त्याने फक्त यायचे आणि रीतसर हरायचे असते.

या जमवाजमवीला ठेकेदार मंडळी रिंग म्हणतात. समजा, डांबरीकरणाच्या एका कामाचे अंदाजपत्रक १ कोटी रुपयांचे आहे. ज्याची पाळी, तो पाव टक्का ‘बिलो’ भरतो. दुसरा ४ टक्के ‘अबव्ह’, तिसरा ५ टक्के. आर्थिक लिफाफा उघडतो, तुलनात्मक तक्ता तयार होतो, आणि सर्वांत कमी दरवाल्याला वाटाघाटीसाठी बोलावणे जाते. तो चहा घेतो, बराच वेळ आढेवेढे घेतो आणि आणखी पाव टक्का सोडतो. स्थायी समितीपुढच्या प्रस्तावात हे पंचवीस हजार रुपये प्रशासनाने केलेली बचत म्हणून झळकतात. रिंग नसती तर हेच काम दहा-पंधरा टक्के बिलो जाऊ शकले असते. पण तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो. हरलेल्यांची सोय पुढच्या कामात, दुसऱ्या प्रभागात किंवा याच कामाच्या उपठेक्यात होते.

बाहेरच्या एखाद्या भाबड्याने मध्येच खरा दर भरला तर हा सगळा डाव उधळतो, म्हणून निविदेच्या अटींचीही मदत लागते. हॉट मिक्स प्लांट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत असावा, ही अट रास्तच. डांबराचा माल वाटेत थंड होतो. फक्त कधी कधी ते अंतर नेमके एकाच प्लांटच्या फाटकापर्यंत पोहोचते. कार्यस्थळ पाहणीच्या दाखल्याचे काम याहून नाजूक. दाखला घ्यायला ठेकेदाराला अभियंत्याच्या टेबलापर्यंत यावे लागते, आणि निविदा कोण कोण भरणार हे त्या टेबलाला मुदतीआधीच कळते. मग संध्याकाळी फोन जातात. ई-निविदा आल्यापासून लिफाफे पळवण्याचा आणि निविदापेटीसमोरच्या हाणामारीचा जमाना सरला. दाखल्याची अट असली की नावे मात्र तशीच फुटतात. याउपर कोणाला ई-निविदाही नको असेल, तर एका रस्त्याचे मर्यादेखालचे तुकडे पाडता येतात.

स्पर्धा अधिनियम, २००२ मात्र या सहकाराकडे सहानुभूतीने पाहत नाही. २० मे २००९ पासून लागू असलेल्या कलम ३ प्रमाणे निविदेत संगनमत केल्याचे सिद्ध झाले की स्पर्धेला बाधा आली असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी आरोप असलेल्यांवर येते. दंड संगनमताच्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांत जे जास्त असेल तिथवर जाऊ शकतो. ‘आम्हाला तर काम मिळालेच नाही’ हा तृतीय निविदाधारकाचा आवडता बचाव येथे चालत नाही. दोष साटेलोट्यात आहे, आणि हरण्याचे कबूल करणे हा त्या साटेलोट्याचाच भाग आहे.

पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत हे दिसून आले. २०१४-१५ मधल्या या निविदांबद्दल ‘नागरिक चेतना मंच’ या नागरिकांच्या संस्थेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे माहिती दिली आणि २०१८ मध्ये आयोगाने सहा फर्मना दोषी ठरवून सरासरी उलाढालीच्या १० टक्के दराने दंड लावला. अशा प्रकरणांतले पुरावे फार गहन नसतात. एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरलेल्या निघतात, बयाणा रकमेचे डिमांड ड्राफ्ट एकाच बँकेतून लागोपाठच्या क्रमांकांचे असतात आणि शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा जशाच्या तशा. हे सगळे कागद महापालिकांच्याच कपाटांत आणि संगणकांत पडून असतात. कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेला स्वतः आयोगाकडे प्रकरण पाठवता येते, तशी तरतूद कलम १९ मध्ये आहे. तरीही छाननीत तपासले जाते ते मुख्यतः असे : प्रतिज्ञापत्र जोडले का, त्यावर मुद्रांक आहे का, आणि निविदा तीन आल्या का.

२०२३ च्या दुरुस्तीने आणखी एक पाचर मारली आहे. स्वतः त्या धंद्यात नसलेला, पण संगनमत जुळवून देणारा मध्यस्थही आता भागीदार मानला जातो. संध्याकाळी फोन करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. दुरुस्तीने दिलासाही दिला आहे : घटनेपासून तीन वर्षे उलटल्यावर येणारी तक्रार, विलंबाचे पुरेसे कारण दाखवल्याशिवाय, आयोग विचारात घेत नाही.

तोवर धीर सुटलाच तर सौम्य दंडाची योजना आहे. संगनमताची कबुली देऊन उपयुक्त पुरावे पुरवणाऱ्या पहिल्या अर्जदाराला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, दुसऱ्याला ५० पर्यंत. पुण्याच्या प्रकरणातही काहींचा दंड असाच अर्ध्यावर आला. तिसऱ्या क्रमांकासाठी ही मर्यादा ३० टक्के आहे, आणि क्रमांक अर्ज आयोगाकडे पोहोचण्याच्या वेळेवरून ठरतो, ठेकेदारांच्या बैठकीत नव्हे.

कळावे,
एक करदाता

प्रत माहितीस्तव : द्वितीय निविदाधारक