फोनवरून स्वयंपाक : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

साहित्य : गॅसची शेगडी, कढई, कुकर, पूर्ण चार्ज केलेला फोन आणि फोनच्या पलीकडे एक अनुभवी नातेवाईक. यातली शेवटची वस्तू दुकानात मिळत नाही, म्हणून आधी तिची निवड कशी करावी ते पाहू.

आई सगळ्यांत सहज उपलब्ध असते, पण तिच्याकडून कृती मिळायला वेळ लागतो. "घरात तेल तरी आहे का?", "ती झुरळं गेली का?" आणि "कशाला त्रास करून घेतोस, डबा लाव सरळ" ही तीन स्टेशने घेतल्याशिवाय गाडी फोडणीपर्यंत पोचत नाही. मावशी मुद्द्याचे बोलते. आत्या कृती उत्तम सांगते, पण "तुमच्या आईकडे आमटीत गूळ घालत नाहीत म्हणा" हे वाक्य सोबत ऐकून घ्यावे लागते. आजीच्या हाताला चव असते आणि अडचण तीच आहे, कारण हात फोनवरून येत नाही. सासूबाईंना फोन करणे हा वरच्या इयत्तेचा अभ्यासक्रम असल्याने इथे घेतलेला नाही. वडिलांना फोन केल्यास "थांब, आईला देतो" एवढी एकच कृती मिळते. ती मात्र आजवर कधी बिघडलेली नाही.

त्यापेक्षा पुस्तक का नको, असे कोणी विचारेल. पुस्तके चांगली आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 1910 साली एक हजार पाकक्रियांचा 'गृहिणी-मित्र' मराठीत आणला, आणि 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी नेले. पण कढईतून धूर निघू लागल्यावर पुस्तकाला "आता काय करू?" विचारता येत नाही.

फोनची वेळ सांभाळावी. दुपारी एक ते चार वामकुक्षी, संध्याकाळी सात ते दहा मालिका. न्यू जर्सीत राहणाऱ्या नवशिक्यांनी विशेष काळजी घ्यावी. तिथे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार झालेले असतात, आणि त्या वेळी वाजलेला फोन आमटीत मीठ किती हे विचारायला असेल असे घरात कोणालाच वाटत नाही.

आता मुख्य नियम. "किती?" विचारू नये.

हा नियम न पाळल्यामुळेच बहुतेक फोन वाया जातात. "तेल किती?" "लागेल तेवढं." "पाणी किती?" "अंदाजाने." "किती वेळ परतू?" "परतून होईपर्यंत." यात लपवाछपवी नसते. जिने चाळीस वर्षे आमटी केली, तिने एकदाही मोजलेले नसते. मग ती आकडा आणणार कुठून? फारच धरून बसलात तर ती "दोन चमचे" असे काहीतरी ठोकून देते, आणि तिचा चमचा म्हणजे डाव होता हे तुम्हाला जेवताना समजते. म्हणून प्रश्न बदलावा. "झालं हे तुला कशावरून कळतं?" असे विचारावे. पलीकडे क्षणभर शांतता पसरते, आणि मग खरी माहिती येते : कडेने तेल सुटतं, वास बदलतो, बुडबुडे जाड होतात, झारा जड लागतो.

फोडणीवर हा नियम लावून पाहू. तेल तापले का हे डोळ्यांनी कळत नाही. मोहरीचा एक दाणा टाकावा. तो मुकाट तळाशी बसला तर थांबावे. लगेच तडतडला तर बाकीची मोहरी घालावी. पडताक्षणी काळा पडला तर गॅस बंद करून कढई खाली घ्यावी आणि तेल निवेपर्यंत फोनवर झुरळांचा विषय पुरा करावा. दाण्याच्या आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती टरफल फोडून बाहेर पडते, तोच हा तडतडाट. न फुटलेली मोहरी दाताखाली कडवट लागते, म्हणून आवाज ओसरेपर्यंत पुढे जायचे नाही. मग जिरे, मग कढीपत्ता. कढीपत्ता धुतलेला असेल तर कोरडा करून घालावा आणि घालताना एक पाऊल मागे सरावे. हळद शेवटी, कारण ती तापलेल्या तेलात काही क्षणांत करपते आणि आमटीला विटकरी रंग व कडू चव देते. लाल तिखट तर गॅस बंद केल्यावरच घालावे. फोडणीत तिखट करपले की इमारतीतले सगळे मजले खोकतात, आणि तुम्ही स्वयंपाक शिकता आहात ही बातमी वेगळी सांगावी लागत नाही.

हिंग "चिमूटभर" सांगितला जातो. इथे पलीकडच्या बाईला विचारावे, डबीतला की खडा? डबीत मिळणाऱ्या बांधानी हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. खडा हिंग त्याहून कितीतरी जहाल असतो, त्याच्या चिमटीने आमटीचे औषध होते. इतका घरचा वाटणारा हा जिन्नस मुख्यतः अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. भारतात त्याची पद्धतशीर लागवड हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात 2020 साली सुरू झाली.

यानंतर कुकर. नवशिक्यांची सर्वांत मोठी फसवणूक याच विषयात होते, आणि ती सगळे नातेवाईक मिळून करतात. "तीन शिट्ट्या कर" असे सांगितले जाते. शिट्टी हे वेळेचे माप नाही. आतला दाब ठरलेल्या पातळीपलीकडे गेला की वजन उचलले जाते आणि जास्तीची वाफ निघून जाते, इतकाच तिचा अर्थ. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या पटापट होतात आणि डाळ कच्ची राहते. बारीक आचेवर अर्धा तास एकही होत नाही आणि डाळीची पेज होते. खरे काम दाब करतो. पूर्ण दाबावर आतले पाणी सुमारे 120 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तेव्हा उघड्या पातेल्यात ते 100 च्या वर जात नाही. महाबळेश्वरला तर ते पंचाण्णवच्या आसपासच उकळते, त्यामुळे तिथे उघड्यावर डाळ शिजवणाऱ्याने मुक्काम वाढवण्याची तयारी ठेवावी.

म्हणून पहिली शिट्टी होईपर्यंत आच मोठी, नंतर बारीक, आणि तिथून घड्याळ. किती मिनिटे, ते कुकरबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका वॉरंटीच्या कागदासह इतकी जपून ठेवलेली असते की सापडत नाही. तोवर तुरीच्या डाळीला दहा-बारा मिनिटे धरून चालावे. तरीही शिट्ट्याच मोजायच्या असतील तर फक्त आपल्या मोजाव्यात. फ्लॅटच्या भिंती पातळ असतात आणि शेजारच्यांचा कुकरही त्याच सुमारास लागतो. दाब उतरण्याआधी झाकणाशी झटापट करू नये.

डाळ एवढे करूनही शिजली नाही तर स्वतःला दोष देण्याआधी तीन चौकश्या कराव्यात. डाळ जुनी आहे का, पाणी बोअरचे जड आहे का, आणि डाळीबरोबरच आमसूल, चिंच किंवा टोमॅटो घातला होता का. आंबटाने डाळ शिजायला अडते. आंबट नेहमी डाळ शिजल्यानंतर. हे आईला माहीत असते, पण "आधी घालायचं नाही" असे ती सांगत नाही, कारण आधी कोणी घालेल हे तिच्या डोक्यातच येत नाही.

भाताला "एकास दोन" पाणी, हे वाक्य ज्याने रूढ केले त्याच्या घरी एकच तांदूळ असणार. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला जास्त. इंद्रायणीचा भात चिकट झाला म्हणून हताश झालेले अनेक तरुण आढळतात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली आलेल्या या तांदळात आंबेमोहोराचा अंश आहे, आणि मऊ, चिकट होणे हा त्याचा स्वभाव आहे. त्यावर वरण, तूप आणि लिंबू घ्यावे. मोकळ्या शिताचा आग्रह बासमतीकडे धरावा. आमच्या मते वरणाला इंद्रायणीच बरी, पण हा वाद घरातल्या मंडळींपुढे काढू नये.

मीठ जास्त झाले, हा फोन रोज कुठे ना कुठे लागतो. उत्तरही ठरलेले : "बटाटा टाक, मीठ ओढून घेतो." हा बटाट्यावर अन्याय आहे. बटाटा मीठ वेचून घेत नाही; तो खारट पाणी आहे तसेच पितो आणि बाकीची आमटी तितकीच खारट राहते. तुमच्याकडे आता एक खारट बटाटाही आहे, एवढाच फरक. कणकेच्या गोळ्याची कथा तीच. खारटपणा कमी करायचा तर आमटीच वाढवायला हवी : बिनमिठाची शिजलेली डाळ, गरम पाणी, जमत असेल तर नारळाचे दूध. गूळ आणि लिंबू मीठ कमी करत नाहीत, पण जिभेचे लक्ष दुसरीकडे नेतात. तेही न जमल्यास भातात मीठ घालू नये, आमटी बेताची वाढावी आणि काही बोलू नये. पाहुणे स्वतःहून बोलले तर "आमच्याकडे अशीच करतात" म्हणावे. प्रांतिक वैशिष्ट्यावर मराठी माणूस सहसा टीका करत नाही, निदान समोर तरी.

साबुदाण्याचा फोन चतुर्थीच्या दिवशी सकाळी केला तर त्याचा काही उपयोग नसतो. तो आदल्या रात्री करावा. साबुदाणा धुऊन निथळावा आणि पाणी दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने ठेवावे. बुडवून ठेवला तर सकाळी खिचडीऐवजी खळ मिळते. दाणा दोन बोटांत दाबला की सहज चुरडला पाहिजे आणि मधे कच लागता कामा नये. सगळी परीक्षा तेवढीच. दाण्याचा कूट कढईत पडण्याआधीच साबुदाण्याला चोळून घ्यावा, म्हणजे दाणे एकमेकांना धरत नाहीत. महाराष्ट्राच्या उपासाची मदार तमिळनाडूतल्या सेलमवर आहे, कारण आपला बहुतेक साबुदाणा तिथल्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो.

दही : दुधात बोट घालावे. ऊन लागले पण बोट काढावेसे वाटले नाही तर विरजण लावावे. थर्मामीटरवाल्यांसाठी चाळीस-पंचेचाळीस अंश. त्याहून कढत दुधात विरजणातले जंतूच मरतात. "रात्री लाव, सकाळी लागतं" हा सल्ला ज्या गावाहून आला तिथलाच असतो. मेमध्ये मुंबईत ते सकाळपर्यंत आंबून जाते, जानेवारीत पुण्यात सकाळी नुसते दूध भेटते.

कांदा चिरताना रडू येते, त्यावर इलाज एवढाच की सुरी धारदार हवी आणि कांदा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलेला हवा. बोथट सुरीने कांदा चिरडतो आणि डोळ्यांना झोंबणारा वायू जास्त सुटतो. डोक्यावर पाव ठेवणे, तोंडात काडी धरणे वगैरे उपाय बघणाऱ्यांच्या करमणुकीसाठी आहेत.

आता काही पदार्थ असे आहेत की त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉलही पुरत नाही. भाकरी त्यांतली पहिली. ज्वारीच्या पिठात कणकेसारखा चिवटपणा देणारे ग्लूटेन नसते. म्हणून गरम पाणी घालून पीठ चिकट करून घ्यायचे, एका वेळी एका भाकरीपुरतेच मळायचे, आणि मळायचे म्हणजे तळहाताच्या टाचेने पुढे रेटून रेटून. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकण्याआधी उलटवायची, नाहीतर तडे जातात. हे सगळे लिहिता येते, सांगताही येते. पण "मळून झालं" हे ज्या मऊपणावरून कळते तो पडद्यावर दिसत नाही, आणि फोन परातीच्या कडेला टेकवला की तो पिठात पडतो.

पुरणाचेही तसेच. हरभऱ्याची डाळ शिजवून, कट निथळून, गूळ घालून ते आटवत राहायचे. झाल्याची खूण एकच : पुरणात डाव उभा राहिला पाहिजे. इथवर फोनवर कळते. पण पोळी लाटताना काठापर्यंत पुरण जाते आणि तरी फुटत नाही, ते जाणत्या बाईच्या शेजारी उभे राहून तिच्या लाटण्याकडे बघितल्याशिवाय येत नाही. भाकरी आणि पुरणपोळीसाठी फोन करू नये, तिकीट काढावे. होळीच्या आठवड्यातली आरक्षणे लवकर भरतात.